सोमवारी अंगठा तुटला

पापाच्या तिकटीला पोचायला पन्नास पावलं असताना
अंगठा तुटला.
चपलेचा.
हे शेवटचं मी फोनवर आईला सांगेपर्यंत
ती अर्ध्या गल्लीला गोळा करून विचारत होती,
"कुठल्या दवाखान्यात हायस?"

आता पापाची तिकटी म्हणजे
जिथं चपला तोरणासारख्या लोंबतात,
कापशी, पुकरी, बक्कलनाली,
करकर वाजणाऱ्या, न वाजणाऱ्या.
पण वार सोमवार.
सगळी शटरं खाली.
एका पायरीवर फक्त एक मांजर,
आणि तिलाही चार पाय असून चप्पल नको होती.
गुऱ्हाळात बसून तोंड कडू, ते हे.

पहिल्या पगारातली ती. साडेनऊशेची, घासाघीस करून आठशेला.
दुकानदार म्हणालेला, "ताई, नातवंडं घालतील."
नातवंडं राहू देत,
नऊ महिने निघाले.

थोडा वेळ लंगडी घातली.
मग दुसरीही काढली, दोन्ही पिशवीत टाकल्या
आणि एप्रिलच्या डांबरावर
सावलीवरनं सावलीवर उड्या मारत निघालो.
(हो, निघालो. मुलगी असून आलो-गेलो काय म्हणतेस,
असं पुण्याची शाल्मली विचारते.
आमच्यात असंच जातात. पोचतोय ना, झालं.)

महाद्वाराशी गजरेवालीनं माझे पाय बघितले.
भाजलेले, धुळीचे, नखाला शेण.
"अनवाणी? कसला नवस गं?"
मी खरं सांगणारच होतो,
पण तिनं आधीच हात जोडले होते,
आणि जोडलेल्या हातांना
शिवण उसवली म्हणून कसं सांगायचं?
"नोकरीचा," म्हटलं. "पर्मनंट व्हायचंय."
तिनं मोगऱ्याची वेणी पुढं केली, पैसे घेईना.
"झालीस की पेढं आण."

फुकटची वेणी हातात जड लागते.
म्हटलं, बोललोय तर जाऊन तरी येऊ.
चप्पल स्टँडच्या माणसानं टोकन काढलं,
खाली बघितलं,
टोकन परत खिळ्याला अडकवलं.

रांगेत फोन थरथरला. चौगुले साहेब.
"चाळीस नगांचं भोक मोठं झालंय.
चेकिंगला सही तुझी आहे.
उद्या सातला ये."

अंबाबाईसमोर मला मोजून तीन सेकंद मिळाले.
काय मागणार?
आई, भोक बारीक कर?
मागची बाई ढकलत होती,
मी नुसतंच "बघ की" म्हणून पुढं सरकलो.

संध्याकाळी आस्मा मुजावर स्कूटी घेऊन आली,
तिच्या भावाची स्लीपर माझ्यासाठी, नऊ नंबर.
गंगावेशीत म्हशीखालचं दूध प्यालो,
फेसाच्या मिशा एकमेकींच्या पुसल्या नाहीत,
तशाच घेऊन निघालो,
आणि रंकाळ्याच्या वळणावर पेट्रोल संपलं.
ढकलताना नऊ नंबरची स्लीपर
माझ्याआधी दोन पावलं जात होती.
आस्मा इतकी हसली की हँडल सोडलं.
गाडी कठड्याला घासली. आरसा गेला.
फुटका आरसा वाईट असतो का, मी विचारलं.
"गाडी भावाची आहे," ती म्हणाली, "त्याला वाईट."

मंगळवारी सातला सेफ्टी शूजमध्ये
तळपायाचे फोड घेऊन उभा राहिलो.
गेज घातला, काढला, घातला.
एकतीस नग भंगारात,
नऊ वाचले.
साहेब काही बोलले नाहीत,
म्हणजे बोलण्यापेक्षा वाईट.
तरी चहा माझ्याही नावाचा आला.

पत्र अजून नाही.
अंगठा मात्र शिवून मिळाला, तीस रुपयांत.
काल महाद्वारावरनं जाताना तिनं हाक मारली,
"ए नोकरी! पेढं?"
"अजून नाय मावशी."
तिनं माझ्या पायांकडं बघितलं,
नीट, वेळ घेऊन,
साहेबांनी एकदा बघितलं होतं तसं,
"मग पायात चप्पल कशी?"